पाठ मोकळी ठेवून

दिवाळी झाली, माळावरचं गवत पिवळं पडायला लागलं, की पारनेर तालुक्यातले मेंढपाळ वाटेला लागतात. ढवळपुरी हे त्यांचं इथलं नावाजलेलं गाव. तिथले आणि आसपासचे कितीतरी धनगर वाडे, म्हणजे मेंढरं-घोड्यांसकट एकत्र फिरणारी कुटुंबं, पुढचे सात-आठ महिने घराबाहेर काढतात. कुणी पुण्याकडे सरकतात, कुणी माळशेज घाट उतरून कोकण गाठतात आणि पावसाळा तोंडावर आला की परत फिरतात, कारण कोकणातला ओलावा दख्खनी मेंढराच्या खुरांना सोसत नाही. याच तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर, सुपा आहे. आज सुपा म्हटलं की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, नाहीतर कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या. (बारामती तालुक्यातलं, मयूरेश्वर अभयारण्याचं सुपे वेगळं. दोन्हींची गल्लत नेहमी होते.) पण डांबरी रस्ता सोडून दोन-चार किलोमीटर आत गेलं, की मुरमाड माळ, बाभळी, बोरी, मधूनच एखादी ताल टाकलेली नाळ, आणि डोक्यावर उघडं आभाळ. चालणाऱ्या माणसाला हा मुलूख सोपा वाटतो. तसा तो नाही.

रानवाटेनं चालायचं आणि पाठीवर सॅक घ्यायची नाही, असं आज कुणी म्हणालं तर त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं जातं. सह्याद्रीतल्या भटक्यांच्या दोन-तीन पिढ्या सॅक पाठीला लावूनच वाढल्या. तरी सॅक नको असणारी माणसं पुष्कळ असतात. कुणाचं खांद्याचं हाड मोडून जुळलेलं असतं, कुणाला मणक्याचा त्रास असतो, कुणाला उन्हात पाठ घामानं भिजलेली सोसत नाही, आणि कुणाला अर्ध्या दिवसाच्या भटकंतीसाठी एवढा पसारा नको असतो. अशा सगळ्यांना उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. सुप्याच्या रस्त्यावर हिवाळ्याच्या तोंडाशी उभं राहिलं तरी पुरे. समोरून जो वाडा जातो, त्यात अख्खा संसार हलत असतो आणि एकाही माणसाच्या पाठीवर सॅक नसते.

हा वाडा कसा लादतात ते नीट पाहण्यासारखं आहे. काम बहुतेक बायकांचं. पहाटे चूल विझली की घोड्याच्या पाठीवर आधी जुनी वाकळ किंवा घोंगडी घडी करून पसरायची, म्हणजे पाठ सोलवटत नाही. त्यावर खोगीर. मग दोघी दोन बाजूंना उभ्या राहतात आणि सारख्या वजनाची गाठोडी एकाच वेळी चढवतात. एका बाजूनं आधी लादलं तर खोगीर फिरतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. एका अंगाला धान्याची गोणी, दुसऱ्या अंगाला भांडीकुंडी. मधल्या खोलगट जागेत अंथरुणं आणि वाघूर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. अगदी वर जे स्वतःच्या पायानं चालू शकत नाही ते: दोन दिवसांची कोकरं, कोंबड्या, आणि पुष्कळदा घरातलं लहान मूल. शेवटी पोटाखालून दोर घेऊन आवळून गाठ. मुक्कामावर पोचल्यावर जे आधी लागतं ते वर, जे उशिरा लागतं ते खाली. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण चुकत नाही.

पुरुष मेंढरांबरोबर चरणीच्या वाटेनं रानातून जातो, बायका घोडी घेऊन सरळ रस्त्यानं पुढच्या मुक्कामावर. मेंढरांमागच्या माणसाच्या अंगावर काय असतं? हातात काठी, खांद्यावर घोंगडी, काखेतून तिरपी घेतलेली पिशवी, तिच्यात भाकरी आणि पाण्याची बाटली. वाटेत एखादी मेंढी व्याली, तर घोंगडीच्या टोकाला गाठ मारून झोळी करायची आणि कोकरू तीत घालायचं. दोन्ही हात आणि सगळी पाठ मोकळी. वाकायला, पळायला, दगड उचलायला अडचण नाही.

सामान कशात भरायचं याचा विचार या लोकांना सर्वात शेवटी करावा लागतो. आधी वाटे पडतात. काय अंगावर ठेवायचं, काय जनावरावर घालायचं आणि काय मुळी घ्यायचंच नाही. तिसरा वाटा सर्वात मोठा असतो, आणि शहरी भटका नेमका तोच विसरतो. धनगर पुढच्या महिन्याचं धान्य बरोबर घेऊन निघत नाही. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा पैसे देतो. चुलीला सरपण वाटेवर, मेंढरांना चारा वाटेवर. ओझं कमी होतं ते वाटेवरच्या गावांशी ओळखपाळख असल्यामुळे. एकट्या भटक्यालाही यातलं थोडंफार जमतं. गाव कुठे आहे, विहीर कुठे आहे, दुपारच्या भाकरीची सोय कुठे होईल, हे आधी विचारून निघालं तर निम्मं ओझं घरीच राहतं.

सुप्याच्या माळावर मात्र एक गोष्ट घरी ठेवता येत नाही. पाणी. हा सगळा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीत जसं टाक्यांचं आणि झऱ्यांचं पाणी सापडतं, तसं इथं दिवाळीनंतर फारसं सापडत नाही. सावलीही विरळ. उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज लागतं, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. पाच-सहा तासांच्या चालीला चार लिटर धरले तर पाणीच चार किलो झालं. बाकी सगळं, म्हणजे भाकरी, टोपी, चाकू, दोरी, औषधं, मिळून त्याच्या निम्मंही भरत नाही. त्यामुळे या मुलखात प्रश्न सामान कसं न्यावं एवढाच असतो असं नाही. पाणी कसं न्यावं, हा खरा प्रश्न. आणि पाण्याचा स्वभाव असा, की ते सकाळी सर्वात जड असतं, दुपारपर्यंत निम्मं होतं आणि सारखं हाताशी लागतं. सॅकच्या तळाशी ठेवलेलं पाणी माणूस कंटाळा करून उशिरा पितो. उन्हाचा त्रास होणाऱ्यांपैकी अनेकांजवळ पाणी असतं, फक्त ते वेळेवर प्यायलेलं नसतं.

वजन अंगावर कुठे ठेवलं यानं किती फरक पडतो, हे मोजलं गेलेलं आहे. १९६९ साली अमेरिकेत सोल आणि गोल्डमन या दोघांनी डोक्यावर, हातात आणि पायांना वजन लावून माणसांना चालवलं आणि त्यांच्या श्वासावरून किती शक्ती खर्च होते ते पाहिलं. स्वतःच्या शरीराचं एक किलो वाहायला जेवढी शक्ती लागते, तिच्या मानानं डोक्यावरच्या एका किलोला थोडीशीच जास्त लागली, हातातल्या किलोला दीडपट ते जवळजवळ दुप्पट, आणि पावलांना बांधलेल्या किलोला चौपट ते सहापट. हातात बाटली धरून चालणं थकवतं याचं कारण इथं आहे. आणि सगळं सामान हलकं करून पायात मात्र जड बूट घालणाऱ्याचं गणितही इथंच चुकतं. वजन शरीराच्या मध्याजवळ, कमरेच्या आसपास किंवा सरळ डोक्यावर असेल तर ते कमी छळतं. मध्यापासून जितकं दूर, आणि जितकं हलतं-झुलतं, तितकं जास्त.

म्हणून सॅक नको असेल तर पहिली निवड कमरेची. आपल्याकडे जुनी माणसं पैसे कमरेच्या कशात बांधत, पान-तंबाखूची चंची कनवटीला खोचत, बायका नऊवारीच्या ओच्यात शेंगा-बोरं गोळा करत. ही सगळी कमरेचीच जागा. आज रुंद पट्ट्याची, दोन्ही अंगांना बाटल्या बसणारी कमरेची पिशवी मिळते. तिचा भार थेट कटीच्या हाडावर येतो, खांद्याला काही होत नाही आणि पाठीवरून वारा जातो. माझ्या मते चार किलोपर्यंत हिच्याइतकी चांगली सोय नाही. त्यापुढे मात्र पट्टा खाली घसरू लागतो आणि तो आवळला की पोटावर दाब येतो. पाणी दोन्ही बाजूंना सारखं वाटून घ्यावं आणि आळीपाळीनं प्यावं. एकीकडची बाटली रिकामी आणि दुसरीकडची भरलेली ठेवून तासभर चाललं तर कंबर दुखते.

दुसरी सोय खिसेवाल्या जाकिटाची. छायाचित्रकार आणि पक्षी पाहणारे लोक ती वापरतात. वजन छातीवर आणि पाठीवर वाटलं जातं, सगळं हाताशी असतं. पण माळावरच्या उन्हात अंगावर आणखी एक कापड चढवणं मला पटत नाही. थंडीत पहाटे निघणाऱ्यानं ते जरूर घ्यावं.

खांद्यावरून तिरपी घेतलेली झोळी किंवा शबनम ही आपल्याकडची सर्वात जुनी आणि सर्वात जास्त वापरातली तऱ्हा. वारकरी ती घेतो, शाळामास्तर घेत असे, मेंढपाळ आजही घेतो. तिचा गुण असा की ती क्षणात पुढे ओढता येते. दोष असा की सगळा भार एका खांद्यावर येतो आणि चालताना ती मांडीवर आपटते. दोन-तीन किलोंच्या पुढे झोळीत काही घालू नये, आणि तासातासानं खांदा बदलावा. जुन्या पडशीनं हा दोष काढून टाकला होता. पडशीला दोन कप्पे, मधला भाग खांद्यावर, एक कप्पा पुढे आणि एक मागे. दोन्हींत सारखं वजन घातलं की माणूस ताठ चालतो. घोड्याच्या खुर्जीचं तत्त्वही तेच. शिंप्याकडून जाड मांजरपाटाची पडशी शिवून घ्यायला फारसा खर्च येत नाही. ती पुन्हा वापरात यावी असं मला मनापासून वाटतं.

मुक्कामाला राहायचं असेल तर घोंगडीची वळकटी. दख्खनी मेंढराच्या राठ लोकरीची, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणलेली खरी घोंगडी जड असते, दोन-तीन किलो सहज भरते. पण ती एकटी अंथरूण, पांघरूण, पावसात डोक्यावर घ्यायची खोळ आणि ओझं बांधायचं कापड, अशी चार कामं करते. चार वस्तूंच्या जागी एक आली की तिचं वजन जड म्हणता येत नाही. वळकटी बांधायची रीत सोपी आहे. घोंगडी पसरायची, सामान लांबीच्या कडेला एका ओळीत मांडायचं, त्या ओळीतला मधला एक वीतभर भाग मोकळा सोडायचा आणि सामानाच्या कडेकडून गुंडाळत जायचं. दोन्ही टोकं दोरीनं एकत्र बांधली की घोड्याच्या नालासारखा आकार येतो. तो डोक्यातून घालून एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेपर्यंत तिरपा घ्यायचा. मोकळा सोडलेला भाग खांद्यावर येतो, म्हणून डबा किंवा चाकू हाडाला टोचत नाही. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पुष्कळ सैनिकांनी सरकारनं दिलेल्या पाठपिशव्या फेकून दिल्या आणि कांबळ्यांच्या अशाच वळकट्या केल्या. लांब कूच करताना त्यांना त्या सोयीच्या वाटल्या. दिवसाच्या उन्हात मात्र वळकटी छातीवर गरम होते. हिवाळ्यात ती घ्यावी, उन्हाळ्यात नको.

डोक्यावरच्या ओझ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याविषयी कौतुक फार आणि माहिती कमी. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास आला. या बायका स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंत ओझं जादा शक्ती न खर्चता वाहतात, असं त्यात दिसलं. म्हणजे साठ किलोच्या बाईनं बारा किलो. पुढच्या संशोधनात यामागचं कारण चालण्याच्या ढबीत सापडलं. प्रत्येक पावलाला शरीर वर जातं आणि खाली येतं, त्यातली शक्ती पुढच्या पावलाला वापरणं त्यांना इतरांपेक्षा चांगलं साधतं. पण २०१० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात सगळ्याच बायकांना असा फायदा दिसला नाही. कुणाला होतो, कुणाला होत नाही, आणि मान दुखण्याची तक्रार मात्र सर्रास असते. आपल्याकडच्या ज्या बायकांनी चुंबळ ठेवून आयुष्यभर हंडे वाहिले, त्यांच्या मानेला विचारलं तर वेगळं उत्तर मिळणार नाही. लहानपणापासून सवय नसलेल्यानं रानवाटेवर हा प्रयोग करू नये. बोरी-बाभळीच्या फांद्यांखालून जाताना तर नाहीच.

कावडीचं तसंच. शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेत सासवडच्या भुतोजी तेल्याची मानाची कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्यानं वर चढते. माणसं साखळी करून एकमेकांना आधार देतात आणि कावड हातोहात वर जाते. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती अनेकांच्या बळावर होते. एकट्यानं दांड्याच्या दोन टोकांना शिंकी बांधून चालणं सपाट आणि रुंद वाटेवर जमतं. दांडा लवचिक असेल तर चालण्याच्या तालात तो वर-खाली होतो आणि खांद्याला बसणारे धक्के कमी होतात. १९९१ च्या एका प्रयोगात लवचिक दांड्यानं ओझं घेऊन धावणाऱ्यांची शक्ती वाचत नाही, पण खांद्यावरचा ताण उतरतो, असं आढळलं. पाण्याचे दोन मोठे डबे विहिरीपासून मुक्कामापर्यंत आणायला कावडीसारखं साधन नाही. दिवसभराच्या चालीला ती उपयोगाची नाही, कारण एक हात कायम अडकतो.

दोन दिवसांहून लांबची चाल असेल आणि चार-पाच जण असतील तर जनावराचा विचार खुशाल करावा. दख्खनचा सगळा व्यापार शतकानुशतकं जनावरांच्या पाठीवर चालला. नाणेघाटानं जुन्नरकडे चढणारा माल बैलांवरून येई. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैल घेऊन मीठ आणि धान्य वाहत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेचं धान्यही मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होतं. आज माळावर भाड्यानं घोडं मिळणं अवघड आहे, आणि मिळालं तरी लादण्याची कला येणारं माणूस बरोबर हवं. नुसतं जनावर घेऊन निघणारा त्याची पाठ जखमी करून परततो.

हे सगळं माळासाठी झालं. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, हिशेब उलटा होतो. कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. तिथं लोखंडी शिड्या आहेत. रतनगडावरही आहेत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट तर हातापायांनी चढायची. अशा जागी झुलणारी झोळी, अंगावरची वळकटी किंवा हातातली पिशवी धोक्याची. शिडीवर पाय उचलताना ती पुढे येते, कपारीत अडकते, माणसाचा तोल नेते. तिथं अंगाला घट्ट बसलेली छोटी सॅक किंवा आवळलेला कमरपट्टा एवढंच चालतं. सॅकला नावं ठेवणं हा या प्रकरणाचा हेतू नाही. उभ्या कड्यावर तिच्याइतकं स्थिर काही नाही. फक्त मैलोन्‌मैल सपाट उन्हात तीच सॅक पाठीवरचा घाम अडवून धरते, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. मुलूख बदलला की साधन बदलावं. नेपाळमधल्या नामचे बाजारच्या वाटेवरच्या हमालांवर २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. हे पुरुष हमाल सरासरी स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त ओझं कपाळावरच्या पट्ट्यानं वाहताना आढळले. चाल अगदी संथ, आणि थोड्या थोड्या वेळानं थांबणं. त्यांच्या डोंगराला ती रीत लागू पडली. आपण ती उचलून इथं आणली तर मान मोडेल.

एमा गेटवूड या बाईंची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात धीर देणारी वाटते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली शेतकरी बाई, अकरा मुलांची आई. १९५५ साली, सदुसष्टाव्या वर्षी, ती एकटी अॅपलाचियन ट्रेल ही ३,३०० किलोमीटरच्या आसपासची डोंगरवाट चालून गेली. ही वाट एकाच मोसमात एकटीनं पुरी करणारी ती पहिली बाई. तिच्याजवळ सॅक नव्हती. घरी शिवलेली जाड सुती कापडाची पिशवी एका खांद्यावर टाकून ती निघाली. तंबू नव्हता, पाऊस आला तर न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा अंगावर घ्यायचा. पायात कापडी बूट. पुढे १९५७ आणि १९६४ मध्ये तिनं ती वाट पुन्हा पुरी केली. वाटेवरच्या अनेक घरांनी तिला जेवू-झोपू दिलं, हेही विसरू नये. धनगरांचा तो तिसरा वाटा तिच्याही हिशेबात होता.

सुप्याच्या माळावर एका दिवसासाठी निघणाऱ्याला माझं सांगणं असं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडा आणि उजाडताना निघा. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी मिळून दोन लिटर पाणी, आणखी दोन लिटर पडशीच्या दोन कप्प्यांत, भाकरी आणि बाकीचं किरकोळ सामान तिथंच. पडशीतलं पाणी आधी प्या, म्हणजे खांद्यावरचं ओझं दुपारच्या आत उतरतं आणि उरलेलं कमरेवर राहतं. हातात फक्त काठी. डोक्याला टोपी किंवा फेटा. घरातून निघण्यापूर्वी हे सगळं अंगावर चढवून गावाभोवती एक फेरी मारा. जिथे टोचतं, घसरतं, झुलतं, ते त्याच दिवशी दुरुस्त करा. मार्च सरल्यावर मात्र या माळावर दुपारी चालण्याचं कुठलंच साधन चांगलं नाही. तेव्हा जाऊच नका.